आठवडाभराची मालिका, एक कोरी डिस्क

संगणकात रेकॉर्ड केलेली फाइल कोऱ्या डीव्हीडीवर तशीच उतरवली आणि डिस्क दिवाणखान्यातल्या प्लेअरमध्ये घातली, की बहुतेक वेळा पडद्यावर एवढेच उमटायचे: डिस्क वाचता येत नाही. टीव्हीवरचे कार्यक्रम घरच्या घरी डीव्हीडीवर घेणाऱ्यांना २००० नंतरच्या दशकात मिळालेला हा पहिला धडा. दोष डिस्कचा नसे, प्लेअरचाही नसे. प्लेअरला एकाच पद्धतीने मांडलेले चित्र वाचता येई, आणि जपानमध्ये १९९६ साली पहिले प्लेअर दुकानात आले तेव्हाच ती पद्धत ठरून गेली होती. पुढची सगळी कारागिरी म्हणजे केबलमधून किंवा छत्रीवरून आलेले प्रक्षेपण त्या साच्यात बसवणे.

साचा असा. भारतात तेव्हा चालणाऱ्या पाल पद्धतीत चित्र ७२० बाय ५७६ ठिपक्यांचे, सेकंदाला २५ फ्रेम, दाबण्याची रीत एमपेग-२. चित्राचा वेग सेकंदाला ९.८ मेगाबिटच्या वर जाता कामा नये. आवाज ४८ किलोहर्ट्झचाच हवा. ऑडिओ सीडीचा ४४.१ चालत नाही. डिस्कवर ‘व्हिडिओ टीएस’ नावाचा फोल्डर, त्यात एकेक जीबीपर्यंतचे व्हीओबी तुकडे, कोणता प्रसंग कुठे आहे ते सांगणाऱ्या आयएफओ फाइली, आणि ओरखडा पडून त्या वाचता आल्या नाहीत तर उपयोगी पडावी म्हणून त्यांची बीयूपी ही दुसरी प्रत. यातले काहीही मनाने बदलायची सोय नव्हती.

रेकॉर्डिंगच्या वाटा दोन. पहिली टीव्ही ट्यूनर कार्डाची. स्वस्त कार्ड कच्चे चित्र संगणकाकडे ढकलायचे. प्रोसेसर दमला की मधल्या फ्रेम गळायच्या आणि तासाभराने ओठ आणि शब्द यांची फारकत व्हायची. हॉपॉज कंपनीच्या पीव्हीआर-१५० सारख्या कार्डांवर मात्र एमपेग-२ करणारी स्वतंत्र चिप असे, म्हणून जाणकार त्यांना पसंती देत. दुसरी वाट डिजिटल प्रक्षेपणाची. युरोपातल्या उपग्रह वाहिन्या किंवा आपल्याकडे २००४ मध्ये सुरू झालेली डीडी डायरेक्ट प्लस ही मोफत सेवा मुळातच एमपेग-२ मध्ये येत असे. ते चित्र पुन्हा दाबायची गरज नव्हती. एका वेष्टनातून काढून दुसऱ्यात भरले की झाले. जे आकाशातून आले तेच, कण न गमावता, डिस्कवर.

अडचण अशी, की जागा वाचवण्यासाठी अनेक वाहिन्या चित्राची रुंदी ५४४ किंवा ४८० ठिपके ठेवत, आणि डीव्हीडीच्या नियमात या रुंदींना स्थान नाही. हौशी मंडळींनी यावर पळवाट काढली. फाइलच्या सुरुवातीच्या नोंदीत खोटी रुंदी लिहायची, म्हणजे डीव्हीडी बनवणारा प्रोग्रॅम तक्रार करत नाही. पुढे प्लेअर ते चालवून घेतो की नाही, हे लावून पाहायचे. पावसात सिग्नल तुटून पडलेली भोके बुजवायला आणि चित्र-आवाज वेगळे करायला प्रोजेक्ट-एक्स हा मोफत प्रोग्रॅम होता. ते तुकडे डीव्हीडीच्या रचनेत बांधणारा डीव्हीडी-ऑथरही मोफतच.

मग जाहिराती. एमपेग-२ मध्ये पूर्ण चित्र प्रत्येक फ्रेमला साठवलेले नसते. पालमध्ये जास्तीत जास्त पंधरा फ्रेमच्या गटात निदान एक पूर्ण, बाकीच्यांत फक्त बदल. कात्री त्या पूर्ण फ्रेमवरच चालवायची, नाहीतर सांध्यावर चौकटी उडतात. म्हणून साबणाच्या जाहिरातीची अर्धी सेकंद शेपटी बऱ्याच डिस्कवर राहून गेलेली दिसते.

नवख्याचा हात सगळ्यात जास्त घसरायचा तो आडव्या रेघांपाशी. जुने टीव्ही प्रक्षेपण सेकंदाला पन्नास अर्धी चित्रे पाठवायचे: एकदा विषम ओळी, एकदा सम. संगणकाच्या पडद्यावर ती एकत्र आली, की धावणाऱ्या माणसाच्या कडांना दाते फुटतात. ते पुसायला जावे, तर टीव्हीवरच्या हालचालीतला गुळगुळीतपणाच जातो. शहाणे लोक दात्यांना हात लावत नसत. मात्र अर्ध्या चित्रांचा क्रम उलटा लागला, तर क्रिकेटचा चेंडू मागेपुढे हिसके देत जायचा.

जागेचा हिशेब आमटीसारखा: पाहुणे वाढले की पाणी वाढते. साध्या डिस्कवर ४.७ जीबी मावतात, संगणक त्यालाच ४.३८ म्हणतो. दोन तासांच्या कार्यक्रमाला आवाजासकट सेकंदाला पाचेक मेगाबिट मिळतात. चित्र चांगले दिसते. चार तास कोंबले, की गर्दीचे प्रसंग चिखल होतात. अर्ध्या तासाच्या मालिकेतून जाहिराती काढल्यावर साधारण बावीस मिनिटे उरत. सोमवार ते शुक्रवारचे पाच भाग, एकशे दहा मिनिटे, एका डिस्कवर नेटके बसायचे. रोजच्या मराठी मालिकांसाठीच जणू हे माप बेतले होते.

शेवटी बर्निंग. ६५० नॅनोमीटरचा लाल लेसर डिस्कच्या पोटातला रंगाचा थर ठिकठिकाणी भाजतो. भाजलेली जागा कमी प्रकाश परतवते आणि प्लेअर तिला खळगा समजतो. मूळ वेगाने पूर्ण डिस्कला जवळपास तास लागे, चौपट वेगाने पाव तास. सोळापट वेग डब्यावर छापलेला असला, तरी जुन्या प्लेअरसाठी डिस्क बनवणारे सावकाशच जात. कागदी लेबल चिकटवणे वाईट, कारण फिरताना तोल जातो.

ज्यांना संगणकाचा खटाटोप नको, त्यांच्यासाठी पायोनियरने १९९९ मध्ये जपानमध्ये घरगुती डीव्हीडी रेकॉर्डर आणला. तिथेही शेवटी डिस्क ‘फायनलाइज’ केली नाही, तर ती दुसऱ्या प्लेअरमध्ये मुकी.

परदेशी नातलगांना पाठवलेल्या डिस्कचे वेगळेच दुखणे. अमेरिकेत तेव्हा टीव्ही एनटीएससी पद्धतीचा होता, सेकंदाला जवळपास तीस फ्रेमचा. पुण्यात केलेली पाल डिस्क न्यू जर्सीतल्या लॅपटॉपवर चाले, तिथल्या दिवाणखान्यातल्या प्लेअरवर बहुधा नाही. आपल्याकडचे प्लेअर दोन्ही पद्धती पचवायचे, म्हणून पाठवणाऱ्याला हे कळायचेच नाही.

या सगळ्या जाचाचे फळ आज दिसते. प्लेअर अडाणी होता म्हणून बनवणाऱ्याला काटेकोर व्हावे लागले, आणि काटेकोर बांधलेली डिस्क आजही अनेक प्रोग्रॅम विनातक्रार उघडतात. त्याच काळात सोयीसाठी कुठल्याशा प्रोग्रॅमच्या खास फॉरमॅटमध्ये ठेवलेली रेकॉर्डिंग उघडताना मात्र घाम फुटतो. डिस्कचा रंग तितका विश्वासू नाही. उन्हाने, उकाड्याने तो उडतो. तेव्हा कपाटातल्या डिस्क संगणकात घालून ‘व्हिडिओ टीएस’ फोल्डर जसाच्या तसा हार्ड डिस्कवर उचलावा. पुन्हा दाबू नये, एमपी-४ करण्याची घाई नको. टीव्ही कंपन्या स्वतःचे सगळेच जपत नाहीत. बीबीसीने साठ-सत्तरच्या दशकांत आपल्याच मालिकांच्या टेप पुसून पुन्हा वापरल्या. एखाद्या मालिकेचा एखादा भाग उद्या फक्त तुमच्याच कपाटात सापडू शकतो, साबणाच्या त्या अर्ध्या सेकंदासकट.