जहाजास ओढणारा दोर

गतवर्षी नाताळच्या सुटीपूर्वी नववीच्या मुलामुलींस घेऊन आम्ही मुंबईस गेलो होतो. बडनेऱ्यास रात्री गाडीत बसलेली ही मंडळी दुसऱ्या दिवशी अपोलो बंदरावर येऊन ठेपली आणि घारापुरीची लेणी पाहण्याकरिता लाँचमध्ये चढली. पूर्णेचा पूर त्यांनी पाहिलेला होता. समुद्र मात्र बहुतेकांनी प्रथमच पाहिला. वाटेत एक प्रचंड मालवाहू जहाज दिसले. त्याच्या पुढे एक ठेंगणी, रुंद बोट दोराने त्यास ओढीत चालली होती. दर्यापूरकडील एका मुलाने आमचा हात धरून विचारले, "सर, येवढीशी बोट येवढ्या मोठ्या जहाजाले कशी काय वढते? आमचे बैल तं कापसाची गाडी चढावर नेताना फेसाले येतात."

त्या वेळी लाँचच्या गडबडीत आम्ही जे उत्तर दिले ते अर्धेच होते. उरलेले येथे देत आहो.

बैलगाडीत घातलेल्या कापसाचा सारा भार आसावर व चाकांवर पडतो. चाक आमच्या काळ्या मातीत रुतते, आस घासतो, आणि हा अडथळा मोडून काढल्याखेरीज गाडी तसूभरही हलत नाही. पाण्यावर तसे नाही. तेथे भार पाण्यानेच उचलून धरलेला असतो. तरंगणारी वस्तू स्थिर असेपर्यंत पाणी तिला विरोध करीत नाही. ती चालू लागली म्हणजे करते, आणि तोही वेगाच्या मानाने. वेग दुप्पट केला तर विरोध सुमारे चौपट होतो. यास्तव ज्यास घाई नाही त्यास पाण्यावर थोड्या बळाने फार मोठे ओझे नेता येते. युरोपातील कालव्यांच्या काठाने चालणारा एक घोडा तीस टनांहून अधिक माल भरलेली नाव ओढीत असे. त्या काळच्या रस्त्यावर त्याच घोड्यास एक-दोन टन जड जात. पुढे १८०३ साली स्कॉटलंडातील एका कालव्यावर 'शार्लट डंडास' नावाच्या आगबोटीने सत्तर सत्तर टनांच्या दोन नावा समोरचा जोराचा वारा न जुमानता ओढून नेल्या, तेव्हा घोड्याची जागा वाफही घेऊ शकते हे दिसून आले. ओढण्याचे काम करणाऱ्या अशा बोटीस आता सर्वत्र टग म्हणतात.

हे पडताळून पाहावयाचे असल्यास समुद्र लागत नाही. घरच्या हौदात पाण्याने अर्धा भरलेला, झाकण घट्ट लावलेला वीस लिटरचा डबा तरंगत सोडावा आणि त्यास शिवणाचा साधा दोरा बांधावा. (हौदातच, विहिरीवर हा प्रयोग कोणी करू नये.) दोरा हळूहळू ओढला तर डबा निमूटपणे मागे येतो. तोच दोरा हिसडला तर तट्कन तुटतो आणि डबा जागच्या जागी राहतो. आता तिसरी गोष्ट पाहावी. डबा चालू लागल्यावर ओढणे थांबवावे. दोरा सैल पडतो, पण डबा थांबत नाही. तो तसाच येऊन आपल्या बोटांवर आदळतो. आमच्या मते पाण्यावर ओढण्याची सारी विद्या या तीन गोष्टींत आहे. बळ थोडे पुरते. परंतु हिसका चालत नाही, आणि ओढलेल्या वस्तूस ब्रेक नसतो.

आपल्या मराठी आरमारास ही विद्या चांगली अवगत होती. कान्होजी आंग्रे व त्यांचे वंशज यांच्या आरमारात मुख्यतः दोन जातींची जहाजे असत. गुराब हे मोठे. दोन डोलकाठ्यांचे असल्यास दीडशे टनांपर्यंत, तीन डोलकाठ्यांचे असल्यास सुमारे तीनशे टनांचे. त्याच्या पुढच्या चोचीसारख्या टोकावर तोफा असत. गलबत हे लहान, क्वचितच सत्तर टनांवर जाणारे. पण त्यास चाळीस-पन्नास वल्ही असत आणि ते ताशी चार मैल चाले. अठराव्या शतकातील इंग्रज इतिहासकार रॉबर्ट ऑर्म याने या आरमाराची चाल वर्णिली आहे. आठ-दहा गुराबे आणि चाळीस-पन्नास गलबते खाडीत दबा धरून असत. शत्रूचे जहाज दिसले की नांगराचे दोर सोडून ती बाहेर पडत. वारा असला तर शिडांवर जात. वारा पडला असला तर गलबते वल्ही मारीत पुढे होत आणि तोफांनी भरलेल्या गुराबांस दोराने ओढीत नेत. शिडांवर चालणारे परदेशी जहाज निर्वात समुद्रात लाकडाच्या ओंडक्यासारखे पडून राही. त्याच वेळी ही गुराबे त्याच्या पिछाडीस, जेथे त्याच्या तोफा थोड्या असत, तेथे ओढून आणून उभी केली जात. इतिहासाच्या पुस्तकांत तोफांची नावे येतात. वल्ही मारून हात सोलून घेणाऱ्या त्या कोळी-भंडारी खलाशांविषयी ओळही येत नाही, याचे आम्हांस वाईट वाटते.

हेच आरमार फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गाच्या बंदरात नष्ट झाले. जहाजे एकमेकांस दोरांनी जखडून उभी केली होती. इंग्रजांच्या तोफखान्याने एकास आग लागली आणि ती एकावरून दुसऱ्यावर जाऊन बहुतेक सारा काफिला जळाला. ज्या दोराने जय मिळत असे तो वेळेवर सुटला नाही.

समुद्र आम्हां वऱ्हाडकरांस दूरचा वाटतो, परंतु आमच्या कापसास तो कधीच दूरचा नव्हता. अमेरिकेतील १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धात विलायतेच्या गिरण्यांस तिकडील कापूस मिळेनासा झाला, तेव्हा वऱ्हाडच्या मालास केवढी मागणी आली हे आजे-पणजे सांगत आले आहेत. मुंबईचा प्रिन्सेस डॉक १८८० मध्ये उघडला. त्यापूर्वी बहुतेक जहाजे धक्क्यास न लागता पाण्यात दूर उभी राहत आणि कापसाच्या गाठी पडावांत घालून त्यांजपर्यंत पोचवाव्या लागत. पडावास यंत्र नसे. शीड, वल्हे, नाहीतर दुसऱ्याची ओढ, एवढाच त्याचा आधार.

आता दोराविषयी. उघड्या समुद्रात टग आपल्या मागील जहाजास जवळ बांधीत नाही. शेकडो मीटर लांब, जाड तारेचा दोर सोडते. हा दोर ताठ नसतो. स्वतःच्या वजनाने मध्ये खाली झुकून त्याचा मोठा झोळ पाण्यात बुडालेला असतो. लाटेने टग उचलली आणि मागचे जहाज खाली गेले, तर दोर लागलीच तुटत नाही. आधी झोळ थोडा सरळ होतो, लाट ओसरली की पुन्हा पडतो. झोळ म्हणजे दोराची स्प्रिंगच. हौदातील दोऱ्यास झोळ नव्हता म्हणून तो हिसक्याने तुटला. मात्र बंदरात जागा अरुंद असते. तेथे दोर आखूड करावाच लागतो, आणि म्हणून तेथे वेग अगदी कमी ठेवतात.

हा दोर तुटला तर काय होते, ते मुंबईकरांनी जून २०११ मध्ये पाहिले. 'विझडम' नावाचे सुमारे नऊ हजार टनांचे जुने जहाज मोडीत काढण्याकरिता कोलंबोहून गुजराथेतील अलंग येथे ओढून नेत होते. त्यावर खलाशी नव्हते, यंत्र चालत नव्हते. पावसाळा नुकताच सुरू झालेला. मुंबईजवळ दोर तुटला आणि जहाज वाऱ्या-लाटांच्या स्वाधीन झाले. दोनच वर्षांपूर्वी खुला झालेला वांद्रे-वरळी सागरी सेतू जवळ होता. त्यावर ते आदळते तर काय, ही धास्ती अधिकाऱ्यांस पडली. तसे झाले नाही. ते जुहूच्या वाळूत येऊन रुतले. मग पाहावयास लोकांची झुंबड उडाली, मक्याची कणसे विकणाऱ्यांचे दिवस चांगले गेले, आणि पोलिसांस लोकांना पाण्यापासून दूर ठेवण्याचे काम लागले. जहाज वाळूस टेकले की आपल्या बैलगाडीसारखेच होते. पाणी त्याचा भार उचलीत नाही. ओढण्याचे आरंभीचे प्रयत्न व्यर्थ गेले. शेवटी जुलैच्या आरंभी, अमावास्येच्या उधाणात, पाणी पुरेसे चढले तेव्हा टगांनी ते वाळूतून सोडविले. टगांचे बळ तेच होते. फरक पडला तो हात-दोन हात पाण्याने.

परंतु दोर तुटणे हे एक संकट, तर दोर न तुटणे हे दुसरे. मोठे जहाज एकाएकी बाजूस वळले आणि दोर टगेस आडवा ओढू लागला, तर ती क्षणार्धात कलंडते. म्हणून दोर ज्या आकड्यास अडकवितात त्यास तो तत्काळ सोडण्याची कळ असते, आणि तिचा उपयोग केव्हा करावयाचा हे टगेच्या तांडेलास कोणास न विचारता ठरवावे लागते. पवित्र शास्त्रात पौलाच्या रोमच्या प्रवासाची हकीगत आहे. तीत जहाजामागे ओढीत आणलेली होडी वादळात मोठ्या प्रयासाने वर घेतली, आणि पुढे शिपायांनी तिचे दोर कापून तिला जाऊ दिले, हे आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊक आहेच.

याहून कठीण निवड १८७७ साली काही खलाशांपुढे आली. मिसरातील सुमारे सव्वादोनशे टनांचा एक प्राचीन पाषाणस्तंभ लोखंडाच्या लांबट पिंपात घालून 'ओल्गा' नावाच्या आगबोटीमागे बांधून लंडनला नेत होते. १४ ऑक्टोबर रोजी बिस्केच्या उपसागरात वादळ झाले. पिंप कलंडू लागले. त्यावर माणसे होती. त्यांना वाचविण्यास 'ओल्गा'वरून सहा जण होडीने गेले, ते परत आले नाहीत. पुढे पिंपावरील माणसांस कसेबसे काढून घेतले आणि दोर कापला. स्तंभ बुडाला असे समजून 'ओल्गा' निघून गेली. पण तो तरंगतच होता. दुसऱ्या एका जहाजास तो सापडला आणि १८७८ मध्ये लंडनला पोचला. थेम्सच्या काठी तो आजही उभा आहे, आणि त्याच्या पायथ्याशी त्या सहा जणांची नावे आहेत.

आपल्या नौसेनेची 'विराट' ही विमानवाहू नौका १९५९ साली ब्रिटिश आरमारात व १९८७ साली आपल्या आरमारात दाखल झाली, आणि मार्च २०१७ मध्ये निवृत्त झाली. तिची लांबी सुमारे २२६ मीटर. ज्या नौकेवरून विमाने उडत, तिच्यात शेवटी स्वतःस हलविण्याचेही बळ उरले नव्हते. १९ सप्टेंबर २०२० रोजी टगेने तिला मुंबईहून बाहेर काढले. बंदरावर जुने नौसैनिक निरोप देण्यास उभे होते. 'विझडम'च्याच वाटेने ती अलंगला गेली. या खेपेस दोर टिकला. तेथे काही दिवस किनाऱ्यापासून दूर थांबून, २८ तारखेस भरती पुरेशी चढल्यावर, तिला वाळूस लावले आणि दोर सोडून घेतले.