चेहरा जुळत नाही

“डोळे मिचकाव. आता मान जरा वर. हसू नको गं, हसलीस की तो पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो.”

अंगणवाडीच्या दारात कोवळं ऊन आलंय, तिथं ताईंनी एका तरुण आईला उभं केलंय. तिच्या कडेवर आठ महिन्यांचं बाळ. ताईंच्या हातात मोबाइल, मोबाइलवर एक गोल आणि त्या गोलात बाईचा चेहरा नीट बसायला हवा. चेहरा बसतो, चक्र फिरतं, फिरतच राहतं आणि शेवटी निरोप येतो : चेहरा जुळत नाही. बाळाला सगळी गंमत वाटतेय. ते मोबाइल ओढायला बघतं.

“डोक्यावरचा पदर काढ. आधारवरचा फोटो कधीचा आहे?”

“लग्नाआधीचा.”

“मग कसा जुळेल बाई! तेव्हा तू केवढीशी होतीस.”

1 जुलै 2025 पासून नियम असा आहे की, घरपोच आहाराचं पाकीट द्यायचं तर ते घेणाऱ्याचा चेहरा पोषण ट्रॅकर ॲपनं ओळखला पाहिजे. खोटी नावं गळावीत, पाकिटं परस्पर कुठं जाऊ नयेत, हा हेतू. त्याला नावं ठेवण्यासारखं काही नाही. पण इथं दारात उभी असलेली बाई खोटी नाही. तिचं माहेर कोणतं, सिझर कधी झालं, बाळ जन्मलं तेव्हा दोन किलो दोनशे भरलं होतं, हे सगळं ताईंना तोंडपाठ आहे. मोबाइलला त्यातलं काहीच माहीत नाही. केवायसी नव्यानं करावी, तर ओटीपी नवऱ्याच्या नंबरवर जाणार आणि नवरा ट्रक घेऊन इंदूरच्या वाटेवर. फोन उचलत नाही.

“रात्री तो आला की फोन घेऊन ये,” ताई म्हणतात. पाकीट कपाटावर वेगळं काढून ठेवतात, त्यावर पेनानं नाव लिहितात.

आत मदतनीस मावशींचं वजनाचं काम चाललंय. जानेवारीतला वजनाचा दिवस आहे, शिवाय गावात कांदा लागवड जोरात. त्यामुळं मुलांना घेऊन आलेल्या बहुतेक आज्याच आहेत. आया पहाटेच शेतावर गेल्यात. एक मुलगा काट्यावर चढून श्वास रोखून उभा राहतो. मावशी विचारतात, “काय रे, फुगतोस कशाला?” तो गाल तसेच ठेवून म्हणतो, “जास्त भरायला.” सगळ्या आज्या हसतात. वजन, मग उंची, मग दोन्हींचा मेळ घालून मूल साधारण, मॅम (मध्यम कुपोषित) की सॅम (अतितीव्र कुपोषित), हे ॲप सांगतं. इथल्या आज्यांनाही हे शब्द आता सरावाचे झालेत. “आमचा मागल्या खेपेला मॅममध्ये होता, आता निघाला,” एक जण अभिमानानं मला सांगते.

खिडकीतून औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या दिसतात. 1970 च्या सुमारास पहिले संच सुरू झाले आणि या गावाचं, एकलहऱ्याचं नाव राज्याच्या नकाशावर चढलं. ते पहिले दोन केव्हाच बंद पडले. आता 210 मेगावॅटचे तीन आहेत आणि 660 मेगावॅटच्या बदली संचाची चर्चा गाव वर्षानुवर्षं ऐकतंय. केंद्राची राख आजूबाजूच्या वीटधंद्याला जाते. अंगणवाडीची खिडकी मावशी रोज पुसतात, तरी बोट फिरवलं की करडी रेघ उमटते.

साडेदहाला बचत गटाची बाई पातेलं घेऊन येते. मटकीची उसळ आणि भात. झाकण काढताच फोडणीचा वास खोलीभर होतो आणि रांगेत बसलेली पोरं ताटल्या वाजवू लागतात. एका मुलामागे दिवसाला आठ रुपये, असा दर केंद्र सरकारनं 2017 मध्ये ठरवला. अतितीव्र कुपोषित मुलाला बारा, गरोदर आणि स्तनदा आईला साडेनऊ. यात अर्धा वाटा केंद्राचा, अर्धा राज्याचा. एवढ्यात मुलाच्या पोटात 500 उष्मांक आणि 12 ते 15 ग्रॅम प्रथिनं जायला हवीत, असं तेव्हाचा कागद सांगतो. बाजारात एका अंड्यालाच यातले बहुतेक पैसे जातात. मी बचत गटाच्या बाईला हिशेब विचारतो. ती पातेल्यातून डाव काढून माझ्यासमोर धरते : “हिशेब याच्यात बघा. मटकी किती आणि रस्सा किती.” मटकी दिसते, पण मोजता येते.

एक आजी कागदांची पिशवी घेऊन ताईंच्या टेबलाशी बसलीय. नातीचा ‘लेक लाडकी’चा अर्ज भरायचाय. पिवळ्या किंवा केशरी रेशन कार्डाच्या घरात मुलगी जन्मली की पाच हजार, पहिलीत सहा, सहावीत सात, अकरावीत आठ आणि अठरा वर्षांची झाली की पंचाहत्तर हजार. एकूण एक लाख एक हजार. अर्ज अंगणवाडी सेविकेनंच भरून घ्यायचा. ताई जन्मदाखला उघडतात, तारीख बघतात, पुन्हा बघतात. 27 मार्च 2023.

“आजी, योजना 1 एप्रिलपासूनच्या मुलींना आहे.”

“चार-पाच दिवसांचाच तर फरक आहे.”

“पाच दिवसांचा.”

आजी दाखल्याची घडी घालते. तारीख कुठं तरी लावावीच लागते, हे मलाही कळतं. पण ती लावणारा मुंबईत बसतो आणि सांगणारी इथं, याच बाकावर. तिला उद्या या आजीच्या दारावरून पुढं जायचं असतं. आजीच्या पिशवीत आणखी एक कागद आहे. मोठ्या मुलाचा मृत्युदाखला. ताईंची नजर त्याच्यावर जाते. “त्याचा मुलगा तुमच्याकडंच आहे ना? त्याचा बालसंगोपनचा अर्ज केला का?” आजीला हे माहीतच नाही. बाप नसलेल्या मुलाला क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेतून महिन्याला 2,250 रुपये मिळू शकतात. अर्ज जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे जातो आणि आदेश बालकल्याण समिती काढते. खरं तर हे काम अंगणवाडीच्या यादीत नाही. ताई पाठकोऱ्या कागदावर लागणारे दाखले एकाखाली एक लिहून देतात.

मदतीचा हा धागा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. एकाच लेकराचं पोषण एका खात्याच्या ॲपमध्ये, आरोग्य दुसऱ्याच्या रजिस्टरमध्ये, संगोपन तिसऱ्या कक्षाच्या फायलीत. या सगळ्यांना जोडणारं जे काही आहे, ते म्हणजे टेबलामागं बसलेल्या या बाईची आठवण.

अंगणवाडीची कल्पना मुळात याच मातीतली. बालवाडीत आदिवासी मुलं येत नाहीत म्हटल्यावर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाड भागात बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली. पुढं 2 ऑक्टोबर 1975 रोजी देशभरातल्या 33 प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. तिला पन्नास वर्षं पूर्ण झाली.

जेवणं होतात. मावशी ताटल्या विसळतात, पोरं पांगतात. ताई पर्स घेतात, त्यात रंगीत कागदी पट्टी टाकतात आणि आम्ही गावाबाहेरच्या वीटभट्टीकडं निघतो. वाटेत मी संपाचा विषय काढतो. 4 डिसेंबर 2023 ला सुरू झालेला राज्यातला संप 52 दिवस चालला. “नोटिसा आल्या होत्या,” एवढंच बोलून त्या थांबतात. मग आपणहून 2021 चं सांगतात, सरकारनं दिलेले मोबाइल सेविकांनी परत केले तेव्हाचं : “फोन सारखा हँग व्हायचा. दुरुस्ती आपल्या पैशानं.” आज त्यांचं मानधन 13,000, मावशींचं 7,500, वर कामगिरीनुसार प्रोत्साहन भत्ता. मानधनच, पगार नव्हे.

भट्टीवर पेठ-सुरगाण्याकडची कुटुंबं आहेत. कच्च्या विटांच्या थप्पीच्या सावलीत दीड वर्षाची एक मुलगी बसलीय, अंगावर मोठ्या भावाचा सदरा. ताई मांडी घालून खालीच बसतात, पट्टी तिच्या डाव्या दंडाभोवती गुंडाळतात आणि खाचेतून ओढतात. हिरवा भाग सरकतो, पिवळाही सरकतो. खिडकीत लाल येतं : 11.2. साडेअकराच्या खाली म्हणजे सॅम. मग दोन्ही पावलांवर अंगठा दाबून धरतात, सोडतात. खळगा पडत नाही, म्हणजे सूज नाही. ताई सुटकेचा श्वास टाकतात.

“हिचं नाव कुठल्या अंगणवाडीत आहे?”

“गावाला हाये,” आई म्हणते. हात कोपरापर्यंत चिखलानं भरलेले.

गावच्या सेविकेनं स्थलांतराची नोंद केली, की ट्रॅकरवर मुलगी इकडं दिसेल. ताई तिला फोन लावतात, रेंज नाही. 2006 साली सर्वोच्च न्यायालयानं आहार हा सहा वर्षांखालच्या प्रत्येक मुलाचा हक्क, असं बजावलं आहे आणि मुलाच्या आधारवाचून तो अडवायचा नाही, असं सरकारही म्हणतं. तरी आज या घटकेला ती ताईंच्या यादीत नाही. वहीत मात्र आहे. ताईंनी पेन काढून नाव, वय, दंडघेर लिहिलाय.

“उद्या आरोग्य केंद्रात आण हिला. पुढं जिल्हा रुग्णालयात ठेवावं लागेल, चौदा दिवस. तुझीही सोय होते तिथं, बुडीत मजुरीही मिळते.”

“उचल घेतलीये ताई. हजार विटांवर फिटते ती. मी बसले तर मालक नवऱ्यालाबी बसवंल.”

बुडीत मजुरीच्या नियमात रोज धरलेला आहे. उचल धरलेली नाही. ताई वाद घालत नाहीत. भट्टीच्या मुकादमाला हाक मारतात, बाजूला नेऊन बराच वेळ बोलतात. तो आधी मान हलवतो, मग बोटं मोजतो. परत आल्यावर ताई एवढंच सांगतात : “उद्या सकाळी गाडीवर मीच घेऊन जाते दोघींना. पुढचं डॉक्टरांसमोर बघू.”

पेट्रोल अर्थातच त्यांचं.

ग्रॅच्युइटीच्या खटल्यात 25 एप्रिल 2022 ला सर्वोच्च न्यायालयानं सेविका-मदतनिसांचा हक्क मान्य केला. तरीही शासनाच्या लेखी त्या मानसेवी, म्हणजे पगारावर नव्हे, मानधनावर सेवा करणाऱ्या. मुलांच्या कल्याणाची धोरणं आपल्याकडं कमी नाहीत आणि बरीचशी चांगलीही आहेत. ती वीटभट्टीपर्यंत पोहोचवणाऱ्या बाईला पगारी कर्मचारी म्हणायला पन्नास वर्षं पुरेशी होती.