मान किती अंशांत बसवायची?

आपल्या भाषेने माणसाची सारी इभ्रत मानेवर सोपवली आहे. मान ताठ असते, खाली जाते, कुणापुढे तुकते. मणक्यांच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या माझ्यासारख्याला मात्र मान दिसते ती अंशांत आणि मिलिमीटरमध्ये.

चार-पाच किलोंचे डोके मानेचे सात मणके तोलून धरतात. हा तोल पाहण्यासाठी रुग्णाला उभे करून, सहज समोर बघायला सांगून बाजूने एक्स-रे काढतात. दुसऱ्या आणि सातव्या मणक्यांच्या तळाशी रेषा आखल्या की मानेचा बाक अंशांत मिळतो. अमेरिकेच्या जॉन कॉब यांनी १९४८ साली पाठीच्या वाकडेपणासाठी मांडलेलीच ही रीत. दुसरे माप गवंड्याच्या ओळंब्याचे. दुसऱ्या मणक्याच्या मध्यातून ओळंबा सोडायचा आणि तो सातव्या मणक्याच्या मागच्या कोपऱ्यापासून किती पुढे पडतो ते मोजायचे. मानेचे मणके जोडलेल्या रुग्णांत हे अंतर सुमारे ४० मिलिमीटरच्या पुढे गेले की रोजच्या जगण्यातला त्रास वाढलेला आढळतो, असे २०१२ सालच्या एका अभ्यासात दिसले.

खरी कसोटी लागते ती कवटी आणि मान यांचा सांधा संधिवाताने खिळखिळा होतो तेव्हा. तिथे सळ्या आणि स्क्रू घालून डोके मानेला कायमचे जोडावे लागते. हनुवटी थोडी जास्त खाली राहिली तर घशाची वाट अरुंद होते. घास उतरत नाही, कधी श्वासही अडतो. आणि हे सांगणारा रुग्ण त्या वेळी भूल घेऊन पालथा झोपलेला असतो. म्हणून स्क्रू आवळण्याआधी टेबलावरच एक्स-रे घेऊन टाळूपासून कवटीच्या तळापर्यंत मॅकग्रेगरची रेषा आखायची. तिचा दुसऱ्या मणक्याशी होणारा कोन आधीच्या, उभ्याने काढलेल्या एक्स-रेशी ताडून बघायचा. दहा अंशांची घटही धोक्याची ठरू शकते.

अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिसने हनुवटी छातीला टेकलेले एक शिंपीकाका माझ्याकडे आले होते. कपाळापासून हनुवटीपर्यंतची रेषा सरळ उभी करून द्यावी, असा मोह कुणालाही झाला असता. काका म्हणाले, "डॉक्टर, समोरचा माणूस दिसू दे, पण मशीनवरची सुईही दिसली पाहिजे." ताठ जखडलेल्या मानेला ताटातला घास दिसत नाही, जिन्याची पायरीही दिसत नाही. त्यांची नजर आम्ही काही अंश खालीच ठेवली.

तेव्हा घरात कुणाची अशी शस्त्रक्रिया ठरली असेल, तर खर्च आणि मुक्काम विचारताना आणखी एक प्रश्न जरूर विचारा: नंतर नजर कुठे राहील? आणि रुग्ण दिवसभर काय काम करतो, हे डॉक्टरांना आपणहून सांगा. एक्स-रेवर ते दिसत नाही.