मंगळावरचा रीस्टार्ट

फोन हँग झाला की आपण रीस्टार्ट मारतो, बरोबर? १९९७ साली नासाचं पाथफाइंडर मंगळावर आपलं आपणच रीस्टार्ट व्हायचं आणि त्या दिवसाचं उरलेलं काम बुडायचं. झालं काय, की हवामानाचं दुय्यम काम सामायिक माहितीचं कुलूप घेऊन बसायचं, मधल्या दर्जाचं काम त्याला अडवायचं, आणि सगळ्यात तातडीचं काम कुलपासाठी ताटकळायचं. शेवटी वॉचडॉग रीसेट मारायचा. कुलूप बरोबर, कामांची दर्जावारीही बरोबर. घोळ दोघं एकत्र चालले की! कागदावरच्या आकृतीत हे सहज दिसत नाही, सगळी यंत्रणा चालवून बघावी लागते. इंजिनिअरांनी पृथ्वीवरच्या जुळ्या यंत्रणेवर तोच घोळ घडवून आणला. मग 'प्रायॉरिटी इनहेरिटन्स' चालू केलं, म्हणजे कुलूपवाल्याला तेवढ्यापुरता ताटकळणाऱ्याचा दर्जा. मंगळावरचे रीसेट थांबले. आणि हो, असा रीसेट उड्डाणाआधीच्या चाचण्यांतही दिसला होता!