ऊन कडक, तरी सोलरचे पाणी गार का?

डिसेंबरमधली सकाळ. वैनगंगेकाठचे धुके अजून विरलेले नसते. आदल्या दिवशी भंडाऱ्यात दिवसभर स्वच्छ ऊन होते, गच्चीवर सोलरही आहे, आणि तरी न्हाणीघरातल्या नळाला गारच पाणी येते. पूर्व विदर्भातली थंडी हसण्यावारी नेण्यासारखी नसते. शेजारच्या नागपुरात २९ डिसेंबर २०१८ रोजी पारा ३.५ अंशांवर उतरला होता. घरात म्हातारी माणसे, बाळंतीण किंवा दम्याचा रुग्ण असेल तर घाईघाईने लोखंडी बादलीत रॉड सोडला जातो, नाहीतर दारे-खिडक्या लावून गॅस गीझर पेटवला जातो. खरा धोका या घाईत आहे. सोलरचा बिघाड त्या मानाने किरकोळ असतो आणि बहुतेक वेळा तो घरच्या घरी ओळखता येतो.

काचेच्या नळ्यांच्या सोलरला पंप लागत नाही. नळीतले पाणी तापले की हलके होऊन वर टाकीत चढते आणि टाकीतले गार पाणी खाली नळीत उतरते. हे फिरणे दिवसभर चालू असते. म्हणून पाणी गार येते तेव्हा तीनच प्रश्न विचारायचे: ऊन नळ्यांपर्यंत पोचते का, तापलेले पाणी टाकीत टिकते का, आणि टाकीतले पाणी नळापर्यंत येते का?

उन्हापासून सुरुवात करू. भंडारा साधारण २१ उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम ४५ अंश वर असतो. म्हणजे दहा फूट भिंतीची सावली तेव्हाही जवळजवळ दहा फूट पडते. दक्षिणेकडच्या शेजाऱ्याने मजला चढवला असेल, तर उन्हाळ्यात उत्तम चालणारा सोलर हिवाळ्यात आजारी पडतो. मेकॅनिकला बोलावण्याआधी दुपारी गच्चीवर जाऊन सावली पाहावी. धानाच्या मळणीच्या दिवसांत नळ्यांवर धुळीचा थर बसतो, तोही ओल्या फडक्याने पुसावा. मात्र सकाळी, नळ्या थंड असताना.

आता नळीचा तळ पाहावा. काचेच्या दोन थरांमध्ये निर्वात पोकळी असते आणि तळाशी आरशासारखा चंदेरी ठिपका दिसतो. तो दुधासारखा पांढरा झाला असेल तर पोकळीत हवा शिरली आहे. ही नळी आता उष्णता धरून ठेवत नाही, ती बदलावीच लागते. सगळ्या ठिपक्यांचा रंग ठीक असूनही पाणी गार असेल, तर रात्री कोणी भांडी घासायला ते वापरून संपवले का, हेही विचारावे. हा प्रश्न विचारायचा राहून जातो आणि मेकॅनिकचे पैसे वाया जातात.

सर्वांत जास्त फसवणारी जागा म्हणजे मिक्सर नळ. जेट स्प्रेचे तोंड बंद आणि मिक्सरच्या दोन्ही चाव्या उघड्या राहिल्या, तर थंड पाणी उलटे गरम पाण्याच्या पाइपात शिरते. बिघाड एका न्हाणीघरात असतो, गार पाणी मात्र साऱ्या घराला येते. प्रत्येक मिक्सरखालची थंड पाण्याची चावी बंद करून पाहावी. पाणी गरम येऊ लागले, तर सोलर निर्दोष आहे.

नळ फुरफुरत असेल किंवा धार बारीक येत असेल, तर पाइपात हवा अडकलेली असते. टाकी एकदा रिकामी झाली की असे होते. गार पाण्याची टाकी भरून घ्यावी आणि सर्वांत खालचा गरम नळ फुरफुर थांबेपर्यंत पूर्ण उघडा ठेवावा. इंग्लंड-जर्मनीत राहायला गेलेल्या मराठी घरांना हेच दुखणे रेडिएटरमध्ये भेटते. वरचा भाग गार आणि खालचा गरम असेल तर आत हवा आहे. ती बारीक किल्लीने सोडली की रेडिएटर तापतो. उलट खालचा भाग गार असेल तर तळाशी गाळ साचलेला असतो.

सोलरवरचा उभा व्हेंट पाइप मात्र कधीही बुजवू नये. त्यातून पाणी सांडते म्हणून बूच मारणारे लोक आहेत. त्याने टाकी फुटू शकते किंवा आत चेपूही शकते. तसेच रिकाम्या, तापलेल्या नळ्यांत भर दुपारी पाणी सोडू नये, काच तडकते.

विजेच्या गीझरचे गणित वेगळे. २५ लिटर पाणी १५ अंशांवरून ५५ अंशांवर न्यायला २ किलोवॅटच्या गीझरला साधारण ३५ मिनिटे लागतात. दहा मिनिटांतच दिवा विझून पाणी कोमट राहत असेल, तर बोअरच्या पाण्यातला क्षार कॉइलवर आणि थर्मोस्टॅटभोवती बसलेला असू शकतो. आतली कॉइल तापते, थर्मोस्टॅटला वाटते पाणी तापले. हे काम मुख्य स्विच बंद करून जाणकाराकडूनच करून घ्यावे. टाकीतले पाणी कायम कोमट ठेवणेही बरे नाही. साधारण २० ते ४५ अंशांत लिजिओनेला हा न्यूमोनिया घडवणारा जीवाणू वाढतो, ६० अंशांना तो मरतो. पण ६० अंशांचे पाणी काही सेकंदांत भाजते. म्हणून मुलांच्या बादलीत आधी गार, मग गरम.

पितळी भांड्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या भंडाऱ्याला बंब नवा नाही. बंब पेटायचा तो अंगणात, धूर उघड्यावर जायचा. गॅस गीझर किंवा शेगडी बंद खोलीत जळते तेव्हा कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. गॅस गीझर न्हाणीघराबाहेर, हवेशीर जागी हवा. आंघोळीला गेलेल्या माणसाचे डोके दुखू लागले, मळमळले, चक्कर आली तर आधी दार उघडून त्याला मोकळ्या हवेत आणावे, गॅस बंद करावा आणि १०८ ला फोन करावा. त्याच्यासोबत घरातल्या आणखी कोणाचे डोके दुखते आहे का, हेही डॉक्टरांना सांगावे.