'डेफिशियंट' म्हणजे नेमके किती कमी?

पावसाळ्यात हवामान खात्याच्या तक्त्यात एखाद्या जिल्ह्यापुढे 'डेफिशियंट' असा शेरा असतो. 'पाऊस कमी' एवढाच त्याचा अर्थ घेतला, तर अर्धी माहिती निसटते. सरासरीपेक्षा 20 ते 59 टक्के कमी पाऊस झाला, तरच खाते हा शब्द वापरते. 19 टक्क्यांपर्यंतची घट 'नॉर्मल' धरली जाते आणि 60 ते 99 टक्के घट 'लार्ज डेफिशियंट' ठरते. तुलना त्या जिल्ह्याच्या स्वतःच्या सरासरीशी होते. त्यामुळे रत्नागिरीत धो धो पडूनही तूट निघू शकते आणि माणदेशात त्याच्या पाव हिस्सा पडूनही पाऊस 'नॉर्मल' ठरू शकतो.

या विशेषणाची खूण हीच: त्याच्यामागे एक ठरलेले माप असते आणि त्या मापाला वस्तू उणी पडते. उणे पडणे, साथ सोडणे अशा अर्थाच्या लॅटिन क्रियापदापासून हा शब्द आला. अर्थसंकल्पातला 'डेफिसिट' त्याचाच भाऊबंद.

वाक्यात वापरताना कमतरता कशाची, हे सांगण्यासाठी त्याच्यापुढे 'इन' येते, 'ऑफ' नव्हे. लोह कमी असलेला आहार 'डेफिशियंट इन आयर्न' किंवा थोडक्यात 'आयर्न-डेफिशियंट'.

जवळचे शब्द या ठरलेल्या मापाच्या मुद्द्यावरच वेगळे होतात. 'इनसफिशियंट' म्हणजे हाती घेतलेल्या कामाला न पुरणारे. खात्यात पाच हजार आहेत आणि चेक सहा हजारांचा आहे, तर शिल्लक 'इनसफिशियंट'. चार हजारांच्या चेकला तीच शिल्लक पुरते. 'स्केअर्स' म्हणजे शोधूनही सहज न मिळणारे, दुर्मीळ. दुष्काळात पाणी 'स्केअर्स' होते.

'डेफिशियंट'चे माप दर वेळी आकड्यातच असते असे नाही. ग्राहक संरक्षण कायद्यात सेवेतील 'डेफिशियन्सी'च्या व्याख्येत कामाचा दर्जा, स्वरूप आणि पद्धत यांतले दोषही येतात. सेवा मिळाली, पण ठरल्याप्रमाणे मिळाली नाही, तरी ती 'डेफिशियंट'च.

माणसाबद्दल मात्र हा शब्द जपून वापरावा. इंग्लंडमध्ये 1913 साली 'मेंटल डेफिशियन्सी ॲक्ट' या नावाचा कायदाच होता. आज बौद्धिक अपंगत्वासाठी हा शब्द अपमानास्पद मानला जातो. रक्तात लोह कमी आहे असे म्हणावे, माणूसच कमी आहे असे म्हणू नये. आणि हा शेरा कुठेही दिसला, की कशात कमी आणि कोणत्या मापाने, हे दोन प्रश्न आधी विचारावेत.