रेकॉर्ड कुणी धरून ठेवलंय?

कारखान्याला ऊस घातल्यापासून १४ दिवसांत शेतकऱ्याला पैसे द्यायचे, नाही दिले तर वर्षाला १५ टक्क्यांनी व्याज, असे १९६६चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. त्यामुळे पंधरवड्याचे बिल काढायची रात्र म्हणजे कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुठल्याही साखर कारखान्याच्या संगणक विभागाची परीक्षाच. अशा रात्री सगळे सुरळीत चाललेले असताना पडदा एकदम गोठला, की पहिला म्हणतो, "लॉक पडलंय." दुसरा म्हणतो, "सेशन मारून टाक." आणि कुणीतरी मागून सुचवतो, "सर्व्हरच बंद करून चालू कर की." या बोलण्यात थोडे तथ्य असते, बाकीचे ऐकीव.

इथे बोलायचे आहे ते मल्टीव्हॅल्यू डेटाबेसबद्दल. हे घराणे १९६५चे. अमेरिकेतल्या टीआरडब्ल्यू कंपनीत डिक पिक आणि डॉन नेल्सन यांनी सैन्याच्या शायेन हेलिकॉप्टर प्रकल्पासाठी ही पद्धत बसवली. पुढे तिच्यातूनच रिअ‍ॅलिटी, प्राइम इन्फर्मेशन, यूनिव्हर्स, यूनिडेटा, डी३, जेबेस, ओपनक्यूएम अशी शाखांची वाढ झाली. टेमेनोसची टी२४ ही जगभरच्या बँकांत चालणारी प्रणाली वाढली ती जेबेसवरच. म्हणजे 'हे काय जुनाट' म्हणून नाक मुरडण्याआधी आपला पगार कुठल्या फाइलीतून येतो ते एकदा बघावे.

रचना समजायला सातबारा डोळ्यांपुढे आणावा. एकाच उताऱ्यावर खातेदार अनेक, पिकांच्या ओळी अनेक, बोजे अनेक. मल्टीव्हॅल्यूतले रेकॉर्ड तसेच असते. एका सभासदाचे सगळे गट नंबर, ऊस नोंदी, कपाती एकाच रेकॉर्डात, एकाच रकान्यात अनेक मूल्यांच्या रूपाने राहू शकतात. उदाहरणासाठी एक कल्पित कारखाना घेऊ. सभासद ४०,०००, डेटाबेस यूनिव्हर्स, शेतकी विभाग, वजनकाटा, केन अकाउंट आणि गावोगावची गट ऑफिसे एकाच सर्व्हरला जोडलेली.

"लॉक पडलं म्हणजे डेटा बिघडला"

नाही. यूनिव्हर्समध्ये लॉक फाइलीत लिहिलेला नसतो, तो असतो सर्व्हरच्या सामायिक मेमरीतल्या एका तक्त्यात. कुठल्या फाइलीतले कुठले रेकॉर्ड कुठल्या सेशनने धरले आहे, एवढीच नोंद. रेकॉर्ड जसेच्या तसे शाबूत असते. साध्या 'रीड'ने ते कुणालाही वाचता येते. अडते फक्त त्याचे, जो 'रीडयू' म्हणतो, म्हणजे 'मी यात बदल करणार आहे, तोवर दुसऱ्याला देऊ नका' असे सांगून रेकॉर्ड मागतो.

मग पडदा का गोठतो? कारण प्रोग्राम लिहिणाऱ्याने 'लॉक्ड' हे कलम घातलेले नसते. ते नसले की प्रोग्राम मुकाट्याने वाट बघत उभा राहतो, वापरणाऱ्याला काही सांगत नाही. कलम घातले तर 'स्टेटस' विचारून रेकॉर्ड कुठल्या सेशनकडे आहे ते कळते आणि पडद्यावर 'हे खाते सध्या शेतकी विभागात उघडे आहे' असा सरळ निरोप देता येतो. दोन-चार ओळींचे काम. वर्षानुवर्षे चाललेल्या प्रोग्राममध्येही ते केलेले नसते, आणि खापर मात्र डेटाबेसवर फुटते.

"सेशन मारलं की विषय संपला"

कुणाचे सेशन? बहुतेक वेळा मारले जाते ते ओरडणाऱ्याचे. पण ओरडणारा वाट बघत असतो. रेकॉर्ड ज्याने धरलेले असते तो शांत असतो, कारण त्याच्या पडद्यावर सगळे ठीक दिसते. म्हणून पहिले काम 'लिस्ट डॉट रीडयू' ही आज्ञा देऊन धरणारा कोण ते बघायचे. दुसरे, त्याला फोन लावायचा. "दादा, तुमच्याकडं पाटलांचं खातं उघडं हाय, तेवढं सेव्ह करा की," एवढ्यावर बहुतेक गाठी सुटतात.

फोन उचलला नाही तरच सेशन बंद करायचे, आणि तेही डेटाबेसच्या स्वतःच्या आज्ञेने. लिनक्सवर थेट 'किल उणे नऊ' देण्याची सवय वाईट. त्या आज्ञेने प्रक्रियेला आवरायला एक क्षणही मिळत नाही. ती नेमकी फाइलीत लिहीत असेल तर लिखाण अर्धवट राहू शकते आणि फाइलीतले दुवे तुटू शकतात. वर तिचे लॉक तक्त्यात तसेच पडून राहू शकतात. यूनिडेटात यासाठी दोन आज्ञा वेगळ्या ठेवल्या आहेत. 'स्टॉपयूडीटी' हातातले काम पुरे होऊ देते, 'डिलीटयूजर' जबरदस्तीने काढते. पहिली सोडून दुसरीकडे धावायचे कारण घाईशिवाय काही नसते, आणि बिलाच्या रात्री झालेली घाई सकाळी फाइल दुरुस्तीत निघते.

"रिकामी बसलेली सेशने मशीन खातात"

उगाच बसलेले सेशन प्रोसेसरचे फारसे काही खात नाही. ते अडवते ते लायसन्सची एक जागा. ५० लायसन्स घेतलेली असतील आणि १५ जण सकाळी लॉगिन करून चहाला गेले असतील, तर ५१वा माणूस बाहेर. हा त्रास खरा, पण वेगाशी त्याचा संबंध नाही.

लॉकच्या बाबतीत रिकाम्या सेशनांतही फरक करायला हवा. नुसत्या आज्ञेच्या ओळीवर थांबलेल्या सेशनकडे सहसा रेकॉर्डचे लॉक नसतात, कारण प्रोग्राम संपला की ते सुटतात. धोका असतो तो दुरुस्तीच्या पडद्यात अर्ध्यावर थांबलेल्या सेशनचा. आणि त्याहून वाईट म्हणजे ज्याचा माणूसच पलीकडे उरलेला नाही असे सेशन. गट ऑफिसात वीज गेली, राउटर बंद पडला, संगणक विझला. इकडे सर्व्हरला त्याचा पत्ताच नसतो. त्याच्या लेखी पलीकडचा माणूस विचार करत बसला आहे. कनेक्शन जिवंत आहे का हे विचारणारी कीपअलाइव्हची सोय असते, पण लिनक्सवर तिचा मुळातला अवधी ७२०० सेकंद, म्हणजे पुरे दोन तास. त्यानंतर ७५-७५ सेकंदांच्या अंतराने नऊ वेळा हाक मारायची, मग कनेक्शन मेले असे ठरवायचे. तोवर त्या सभासदाचे खाते कुणालाही बदलता येत नाही. हा अवधी पाच-दहा मिनिटांवर आणणे हे सर्व्हरवरच्या एका सेटिंगचे काम आहे. गावोगावी फांद्या पसरलेल्या कुठल्याही संस्थेने ते पहिल्या दिवशी करावे.

यावर लगेच येणारा उपाय म्हणजे 'दहा मिनिटे काही टाइप केले नाही की लॉगआउट'. लायसन्ससाठी ठीक. लॉकसाठी मात्र वरवरचा. दहा मिनिटे म्हणजेही काटा क्लार्कपुढे ट्रॅक्टरची रांग लागायला पुष्कळ वेळ.

"मग लॉकच काढून टाका, वेग वाढेल"

हा सगळ्यांत महाग पडणारा गैरसमज आहे, म्हणून जरा थांबू.

शेतकी विभागातल्या कारकुनाने दुपारी एक वाजता एका सभासदाचा बँक खाते क्रमांक बदलायला रेकॉर्ड उघडले आणि तो डबा खायला गेला. मधल्या वेळात केन अकाउंटमधून त्याच सभासदाच्या नावावर सोसायटीची १८,००० रुपयांची कपात टाकायची आहे. लॉक असेल तर केन अकाउंट तासभर अडकते. लॉक नसेल तर कपात बिनबोभाट पडते, आणि दोन वाजता परत आलेला कारकून 'सेव्ह' दाबतो. त्याच्या पडद्यामागे आहे एक वाजताचे रेकॉर्ड. मल्टीव्हॅल्यूत नेहमीच्या 'राइट'ने सबंध रेकॉर्ड लिहिले जाते. त्याने फक्त खाते क्रमांक बदलला असला तरी जुन्या प्रतीबरोबर १८,००० पुसले जातात. कुठेही चूक दाखवली जात नाही. ती कळते ती सोसायटीची वसुली जुळेना म्हणून, दोन महिन्यांनी.

तेव्हा लॉक ठेवायचा की काढायचा हा प्रश्नच चुकीचा मांडलेला आहे. लॉक कधी घ्यायचा, हा खरा प्रश्न. माणूस विचार करतो, फोनवर बोलतो, जेवायला जातो; एवढा सगळा वेळ रेकॉर्ड धरून ठेवायची गरज नसते. पडद्यावर दाखवायला साध्या 'रीड'ने वाचा आणि वाचलेल्याची एक प्रत बाजूला ठेवा. 'सेव्ह' दाबल्यावर 'रीडयू'ने तेच रेकॉर्ड पुन्हा आणा, बाजूच्या प्रतीशी ताडून बघा. जुळले तर बदल करून लिहा. लिहिताच लॉक सुटतो. जुळले नाही तर 'तुम्ही उघडल्यानंतर यात बदल झाला आहे, पुन्हा बघा' असे सांगा. आता लॉक असतो तो डोळ्याची पापणी लवायच्या आत, आणि कपातही सुखरूप. जुना प्रोग्राम असा बदलायला प्रत्येक पडद्यामागे मेहनत आहे, हे मान्य. पण ही मेहनत एकदाच, सेशने मारायची मात्र दर पंधरवड्याला.

असाच एक गुपचूप त्रास देणारा मुद्दा म्हणजे पुढचा पावती क्रमांक. वजनपावतीला ओळीने क्रमांक हवा, म्हणून तो एका छोट्या रेकॉर्डात ठेवलेला असतो आणि सगळे काटे त्याच्यावर येतात. प्रोग्रामने तो आकडा लॉक करून घेतला आणि गाडीचे वजन स्थिर होईपर्यंत धरून ठेवला, तर बाकीचे काटे तेवढा वेळ उभे. आकडा घ्या, एकने वाढवा, लगेच लिहा. वजन मग करा. पावती रद्द झाली तर एक क्रमांक वाया जाईल, जाऊ दे; रद्द पावतीची नोंद ठेवली की हिशेब तपासनीसाचे काम भागते.

ट्रान्झॅक्शन वापरणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावे. तिथे 'राइट' केल्यावर लॉक सुटत नाही, सगळे ट्रान्झॅक्शन संपले की सुटतो. ४०,००० सभासदांचे बिल एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये बसवले तर लॉकचा तक्ता भरू शकतो, कारण त्याचा आकार डेटाबेस सुरू होतानाच ठरलेला असतो. टोळीनिहाय किंवा गावनिहाय तुकडे पाडावेत.

"सिस्टीम मंद झाली, नवा सर्व्हर घ्या"

घ्या, पण आधी फाइलीचे माप काढा. यूनिव्हर्सच्या स्थिर फाइलीला 'मॉड्युलो' असतो, म्हणजे फाइलीचे गट किती. रेकॉर्डच्या किल्लीवर गणित करून ते कुठल्या गटात जाणार हे ठरते, त्यामुळे शोधायला सगळी फाइल धुंडाळावी लागत नाही. ही या घराण्याची खरी ताकद. पण समजा, पूर्वी थोड्या सभासदांसाठी मॉड्युलो १००९ ठेवला होता आणि आज सभासद ४०,००० झाले. प्रत्येक गटात सरासरी ४० रेकॉर्ड पडतात. रेकॉर्ड दीड किलोबाइटचे धरले तर गट साधारण ६० किलोबाइटचा झाला. गटाची मूळ जागा दोन किलोबाइट. बाकी सगळे ओव्हरफ्लोत, म्हणजे मागे जोडत गेलेल्या जादा तुकड्यांत. एक रेकॉर्ड मिळवायला सरासरी १५ तुकडे चाळावे लागतात. गटाची जागा चार किलोबाइट आणि मॉड्युलो १८ हजारांच्या आसपासची मूळ संख्या घेतली, तर बहुतेक रेकॉर्ड पहिल्याच वाचनात हाती येतात. नव्या सर्व्हरने १५ तुकडे लवकर चाळले जातील, पण ते १५च राहतील.

लॉकचा आणि या मापाचाही संबंध आहे. मूळ पिकच्या जुन्या आवृत्त्यांत लॉक रेकॉर्डवर नव्हे, आख्ख्या गटावर पडायचा. शिरोळचा शेतकरी उघडला की त्याच गटात पडलेला कागलचा शेतकरीही अडायचा. आताच्या यूनिव्हर्समध्ये लॉक रेकॉर्डवरच असतो, पण लिहिताना काही क्षण गट राखून ठेवावाच लागतो. गट जितका फुगलेला, तितके ते क्षण लांबतात. म्हणून 'लॉक वाढलेत' ही तक्रार कित्येकदा मॉड्युलोची असते.

टाइप ३०च्या गतिमान फाइली भरत जातील तसे आपले गट आपणच वाढवतात. मुळातल्या सेटिंगनुसार भार ८० टक्क्यांवर गेला की गट फुटतो. त्यामुळे 'टाइप ३० केलं, आता बघायलाच नको' असा समज होतो. एकाच रेकॉर्डात हंगामभराच्या सगळ्या खेपा कोंबत गेलात तर टाइप ३०ची फाइलही काही करू शकत नाही, कारण एक रेकॉर्ड दोन गटांत फुटत नाही. एका खेपेसाठी सबंध रेकॉर्ड वाचायचे, सबंध लिहायचे, आणि लॉकही सबंध रेकॉर्डवर. गट नंबर, वारस, बँक यांसारखे मोजके आणि हळू बदलणारे तपशील एकत्र ठेवावेत. रोज वाढणाऱ्या खेपांना स्वतंत्र फाइल द्यावी. आणि ३२ बिटांच्या फाइलीला २ जीबीची मर्यादा असते, तिच्याकडे डोळेझाक करू नये. ती ओलांडायला गेलेली फाइल मंद होत नाही, बिघडते.

कोल्हापूर जिल्ह्यातलाच एक प्रयोग इथे आठवतो. पन्हाळा तालुक्यातल्या वारणानगरला १९९८ साली वारणा वायर्ड व्हिलेजेस सुरू झाले. कोल्हापूर-सांगलीतल्या ७० गावांत संगणक केंद्रे, त्यांवर शेतकऱ्याच्या उसाची माहिती. पुढे मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या भारतातल्या गटाने काही गावांत संगणकाच्या जागी मोबाइलचे एसएमएस वापरून बघितले. कारण खर्चाचे आणि देखभालीचे होते; लॉकशी किंवा मल्टीव्हॅल्यूशी त्याचा काही संबंध नव्हता. तरी माझ्यासारख्याला त्यातली दुसरीच गोष्ट आवडते. एसएमएस येतो, उत्तर जाते, काम संपते. पडदा उघडा ठेवून जेवायला जाता येत नाही. आज सभासदांसाठी मोबाइल अ‍ॅप काढणाऱ्या संस्था नकळत तिथेच येऊन पोचल्या आहेत, फक्त मागचे दुरुस्तीचे पडदे जुन्याच पद्धतीने रेकॉर्ड धरून बसलेले असतात.

कामाचा क्रम लावायचा तर कीपअलाइव्हचा अवधी आजच कमी करावा, त्याला कुणाची परवानगी लागत असली तरी वेळ लागत नाही. 'लॉक्ड' कलमे हंगाम चालू असतानाही एकेका पडद्यात घालता येतात. स्थिर फाइलींचा मॉड्युलो बदलायचा 'रीसाइज' मात्र फाइल कुणीच वापरत नसताना, आधी बॅकअप घेऊन करायचा असतो. त्यासाठी गाळप संपल्यावरचे एप्रिल-मे बरे. तेव्हा काटे बंद असतात आणि हंगामातल्या सगळ्या खेपा जमा झालेल्या असल्याने फाइलीचे खरे माप हाताशी असते.